पक्षी किती लांब, लेन्स किती मोठी?

थंडीत पाणथळींवर पाहुणे पक्षी उतरू लागले की टेलिफोटो लेन्सविषयी विचारणा सुरू होते. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

माझ्याकडे कॅननची क्रॉप सेन्सरची २४ मेगापिक्सेल डीएसएलआर आणि ५५-२५० लेन्स आहे. सुट्टीला नांदूरमधमेश्वरला जातो, पण पक्षी फोटोत अगदी लहान येतात. ४०० मि.मी. पुरेल की सरळ ६०० घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

दुकानात जाण्याआधी कागदावर एक हिशेब करा. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंग्थ, भागिले पक्ष्याचे अंतर, सगळे मिलिमीटरमध्ये. जे उत्तर येईल तेवढी पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. तुमच्या कॅमेऱ्याचा क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर सुमारे २२.३ मि.मी. रुंद आहे आणि त्या रुंदीत ६००० पिक्सेल आहेत, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण २७०.

आता २० सें.मी.चा लालबुड्या बुलबुल १० मीटरवर बसला आहे असे धरा. २५० मि.मी.वर त्याची प्रतिमा ५ मि.मी. येते, म्हणजे सुमारे १३५० पिक्सेल. ४०० वर ८ मि.मी., सुमारे २१५० पिक्सेल. ६०० वर १२ मि.मी., सुमारे ३२०० पिक्सेल. पिसांचे बारकावे दिसायचे असतील तर पक्षी निदान दीड ते दोन हजार पिक्सेल लांब यायला हवा, हा आमचा ठोकताळा. या हिशेबाने रस्त्याकडेच्या झुडपातल्या बुलबुलाला ४०० भरपूर होते.

नांदूरमधमेश्वरची गोष्ट निराळी. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे ते विस्तीर्ण पाणी. मनोऱ्यावरून दिसणारे हळदी-कुंकू बदक सहज ६० मीटरवर असते. ६० सें.मी.चा हा पक्षी ४०० मि.मी.ने ४ मि.मी. येतो, जेमतेम १०८० पिक्सेल. ६०० ने ६ मि.मी., म्हणजे सुमारे १६०० पिक्सेल. अंतर निम्मे केले तर ४०० सुद्धा ८ मि.मी. देईल, पण पाण्यात उतरून पुढे जाता येत नाही आणि जाऊही नये. ज्या जागी अंतर तुमच्या हातात नाही तिथे फोकल लेंग्थ मोजूनच घ्यावी लागते. तुमची मुख्य जागा तीच असेल तर आमचे मत ६०० ला.

तुमच्या माउंटसाठी (बॉडीला लेन्स जोडायच्या कड्यासाठी) सिग्मा १५०-६०० काँटेम्पररी आणि टॅमरॉन १५०-६०० जी२ या दोन लेन्स समोर ठेवा. दोन्ही सुमारे दोन किलोच्या, ९५ मि.मी. फिल्टरच्या, ६०० वर एफ/६.३ च्या (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). दोन्ही ६०० वर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला) किंचित मऊ, म्हणजे कमी धारदार, असतात, एफ/८ ला सुधारतात. प्राथमिक श्रेणीच्या बॉडीत फोकसची सूक्ष्म दुरुस्ती करण्याची सोय नसते. ती उणीव सिग्माच्या यूएसबी डॉकने किंवा टॅमरॉनच्या टॅप-इन कन्सोलने भरून काढता येते, कारण दुरुस्ती थेट लेन्समध्ये साठवली जाते. लेन्सबरोबर हे छोटे उपकरण घ्याच.

तुम्ही पायी जास्त फिरत असाल आणि उडते पक्षी टिपायचे असतील तर मात्र कॅनन १००-४०० ची दुसरी आवृत्ती जास्त समाधान देईल. ती सुमारे १.६ किलोची आहे, फोकस चपळ आहे आणि एक मीटरच्या आतबाहेर जवळचा विषयही घेते. पुढे मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घेतलीत तरी कॅननच्या अ‍ॅडॉप्टरवर ती चालेल.

पक्ष्यांसाठी क्रॉप बॉडी विकून फुल फ्रेम घ्यावी का? फुल फ्रेमवर लेन्सची ताकद कमी होते असे ऐकले.
– एक वाचक, अमरावती

लेन्स कोणत्याही बॉडीवर तीच प्रतिमा पाडते. वरच्या उदाहरणातला बुलबुल ४०० मि.मी.ने फुल फ्रेमवरही, म्हणजे ३६ मि.मी. रुंद सेन्सरवरही, ८ मि.मी.चाच येतो. फरक पडतो तो त्या ८ मि.मी.त किती पिक्सेल बसतात याचा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर सुमारे १३३०, ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर सुमारे १८३०, आणि २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर दोन हजारांच्या वर. तेव्हा पक्षी नेहमीच लांब असतील तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमसाठी क्रॉप बॉडी विकू नका. पक्षी फ्रेम भरून मिळत असेल तेव्हा कमी प्रकाशात फुल फ्रेमचा फायदा खराखुरा दिसतो. पैसे एकाच गोष्टीसाठी असतील तर ते लेन्समध्ये घाला.

भिगवणला १५०-६०० ने ६०० मि.मी.वर काढलेले रोहित पक्ष्यांचे बहुतेक फोटो धूसर आले. दुकानदार म्हणतो लेन्स ठीक आहे. मग चूक कुठे?
– एक वाचक, बारामती

लेन्सला दोष देण्याआधी वेळ तपासा. उजनीच्या पाण्यावर ऊन चढले की पाण्यालगतची हवा थराथरांनी तापते, प्रत्येक थरात प्रकाश वेगळा वळतो आणि लांबचा पक्षी थरथरल्यासारखा दिसतो. थंडीच्या पहाटे पाणी कोमट आणि हवा गार असतानाही हेच घडते, म्हणून सूर्योदयाची वेळ नेहमीच निर्दोष असते असे समजू नका. पन्नास-साठ मीटरच्या पुढे या हवेवर कोणत्याही किमतीच्या लेन्सकडे उपाय नाही. उलट फोकल लेंग्थ जितकी मोठी तितकी ही थरथर मोठी दिसते. उपाय एकच: अंतर कमी करणे, आणि ते होत नसेल तर थवा, पाणी, आकाश असा मोठा देखावा घेणे.

दोष नेमका कशाचा आहे ते फोटोंवरूनच ओळखता येते. एकाच स्थिर पक्ष्याचे सलग दहा फोटो घ्या आणि संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहा.

दहांपैकी एखाद-दुसरा बऱ्यापैकी, बाकीचे कमी-अधिक बिघडलेले, आणि पायांच्या सरळ रेषा वेड्यावाकड्या झालेल्या, असे असेल तर तो हवेचा दोष.

सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल तर हात किंवा होडी हलली आहे. पार्श्वभूमी खणखणीत आणि फक्त पंख किंवा मान धूसर असेल तर पक्षी हलला आहे. तिथे लेन्समधले स्टॅबिलायझेशन (हाताचा थरकाप सावरणारी सोय) उपयोगी नाही, शटर स्पीडच वाढवायला हवा.

पक्षी धूसर, पण त्याच्या पुढचे किंवा मागचे पाणी दर वेळी स्वच्छ, असे असेल तर फोकस सरकला आहे. ही शंका घरी पडताळा. ढगाळ सकाळी किंवा सावलीत ट्रायपॉड लावा, १५ मीटरवर बारीक छपाईचा कागद उभा चिकटवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि स्टॅबिलायझेशन बंद करून ६०० मि.मी. एफ/८ ला फोटो काढा. पाच व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, पाच लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर पाहून). प्रत्येक वेळी आधी फोकस रिंग फिरवून बिघडवा. लाइव्ह व्ह्यूचे स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे धूसर आले तर बॉडी आणि लेन्स यांचा मेळ जुळवून घ्यावा लागेल. दोन्हीकडे धूसर आले, आणि एकच बाजू जास्त बिघडलेली असेल, तर लेन्स सेवा केंद्रात द्या.

लेन्सच्या पुढे ९५ मि.मी.चा स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून हीच चाचणी पुन्हा घ्या. तीक्ष्णता खाणारी वस्तू कित्येकदा तीच असते. तिचे संरक्षणाचे काम हूड जास्त चांगले करतो.

होडीतली काळजी वेगळी. ट्रायपॉड होडीच्या तळाला टेकवू नका. इंजिन चालू असेल तर त्याची कंपने सरळ लेन्समध्ये येतात. खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा, लेन्स हातात धरा. बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्या रोहिताला १/२०००, सुरयसारख्या चपळ पक्ष्याला १/३२०० पासून सुरुवात करा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. उडता पक्षी ६०० वर शोधत बसू नका. ३०० वर फ्रेममध्ये घ्या, फोकस पकडला की झूम वाढवा. खरे तर रोहिताला ६०० ची गरजही क्वचितच पडते: १.३ मीटर उंचीचा पक्षी ४० मीटरवर ४०० मि.मी.ने १३ मि.मी. येतो, आणि क्रॉप सेन्सरची उंची जेमतेम १५ मि.मी. आहे. थवा उडाला तर २०० सुद्धा जास्त होईल.

वातानुकूलित गाडीतून लेन्स काढून थेट फोटोला लागणे हेही एक कारण असते. काचेवर बाष्प धरते, नळीतली हवाही अस्थिर होते. बॅग न उघडता लेन्स वीस-तीस मिनिटे बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

निकॉन डी५६०० आणि २००-५०० एफ/५.६ वर १.४ पट टेलिकन्व्हर्टर लावावा का?
– एक वाचक, बेळगाव

नको. लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणाऱ्या १.४ पट कन्व्हर्टरने एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो आणि लेन्स एफ/८ ची होते. डी५६०० ची फोकस यंत्रणा एफ/५.६ पर्यंतच्या लेन्ससाठी बनवलेली आहे. एफ/८ ला ती भर उन्हात कधी पकडेल, झाडीत मागेपुढे शोधत राहील आणि तेवढ्यात पक्षी उडेल. त्यापेक्षा ५०० वर नीट फोकस झालेला फोटो कापून मोठा करा. कन्व्हर्टर शोभतो तो ३०० एफ/४ किंवा ५०० एफ/४ सारख्या स्थिर फोकल लेंग्थच्या लेन्सवर. मिररलेस बॉडी एफ/८ किंवा एफ/११ ला फोकस करतात, तरी प्रकाश जायचा तो जातोच.

पावसाळ्यात कर्नाळ्याच्या जंगलात नवरंग आणि स्वर्गीय नर्तक टिपायचे आहेत. एफ/६.३ ची लेन्स अंधारात चालेल का? शिवाय कोकणातल्या दमटपणात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, पेण

आधी आकडे. एफ/६.३ च्या तुलनेत एफ/४ ला सुमारे अडीच पट प्रकाश मिळतो. ज्या जागी एफ/६.३ ला आयएसओ ६४०० लागतो तिथे एफ/४ ला २५०० वर भागते. फरक मोठा आहे, पण ६०० एफ/४ ही कित्येक लाखांची आणि तीन किलोच्या आसपासची वस्तू आहे, आणि पावसात निसरड्या पायवाटेवर ती वागवणे हे वेगळेच काम आहे. दाट झाडीत पक्षी मुळात आठ-दहा मीटरवरच दिसतात. तिथे ३०० एफ/४ ची जुनी लेन्स क्रॉप बॉडीवर फार उपयोगी पडते: १९ सें.मी.चा नवरंग ८ मीटरवर ३०० ने ७ मि.मी. येतो आणि तुम्हाला एफ/४ चा प्रकाश मिळतो. जंगलासाठी ३०० एफ/४ आणि पाणथळीसाठी ६०० पर्यंतचा झूम, ही जोडी एका महागड्या लेन्सपेक्षा आम्हाला जास्त शहाणपणाची वाटते.

एफ/६.३ च्याच लेन्सने काम भागवायचे असेल तर शटर खाली आणा. नवरंग जमिनीवर पाने उलटतो, मधेच थबकतो. त्या थबकण्याच्या क्षणी मोनोपॉड आणि स्टॅबिलायझेशनच्या जोरावर १/१२५ ला स्वच्छ फोटो येतो. आठ-दहा फोटोंचा सलग झटका मारा, त्यातले एक-दोन हमखास धारदार निघतात. रॉ फाइल घ्या आणि फोटो अंधारा घेऊन नंतर उजळवण्यापेक्षा आयएसओ वाढवून योग्य उजेडात घ्या. सावलीतला दाणेदारपणा उजळवताना जास्त वर येतो.

हे दोन्ही पक्षी पावसाच्या सुमारास विणीला येतात. घरट्याचा फोटो काढू नका, फांद्या बाजूला करू नका, मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणे धरलेले आहे. घरट्यापाशी माणूस घुटमळला की पिले उघडी पडतात आणि कावळ्यांना जागा कळते.

बुरशीविषयी. तिला दमट हवा, अंधार आणि थोडीशी धूळ एवढे पुरते, आणि लेन्सची बंद बॅग हे तिन्ही देते. चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत लेन्स कधीच साठवू नका. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घेतलेत तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकण्याची भीती असते. कॅबिनेट परवडत नसेल तर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेल पाव ते अर्धा किलो आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचे दाणे रंग बदलले की जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. मात्र ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. पावसातून आल्यावर ओली लेन्स सरळ डब्यात टाकू नका. सुती कापडाने टिपा, झूम पूर्ण बाहेर काढून नळी पुसा, पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा, मग डबा. आणि वापरत राहा. कपाटात वर्षभर पडलेल्या लेन्सला बुरशी आधी धरते.

जुनी टेलिफोटो विकत घेताना काय तपासावे?
– एक वाचक, सोलापूर

स्वतःची बॉडी, मेमरी कार्ड आणि मोबाइलपेक्षा तेज विजेरी घेऊन दिवसा उजेडी जा. लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागून विजेरी मारा आणि पुढून तिरके पाहा. चारदोन धुळीचे कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्यांनी फोटो बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या. काचांच्या कडेला दुधाळ झाक असेल तरी नको.

मग हात लावून पाहा. झूम रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने फिरली पाहिजे; मध्येच अडकत असेल तर लेन्स पडलेली असू शकते. माउंटच्या आणि मागच्या बाजूच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर ती उघडलेली आहे, कशासाठी ते विचारा. हूडच्या कडा आणि फिल्टरचे आटे दबलेले आहेत का पाहा. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप घसरते का तेही बघा. बाहेर येणाऱ्या नळीच्या झूममध्ये थोडे घसरणे चालते, पण लॉकचे बटण धरले पाहिजे.

बॉडीला लावून स्टॅबिलायझेशन चालू-बंद करा. चालू असताना व्ह्यूफाइंडरमधले चित्र तरंगत स्थिर झाले पाहिजे. ते उडी मारत असेल किंवा आतून खरखर येत असेल तर दुरुस्ती महाग पडते. जवळच्या खांबावरून लांबच्या टाकीवर, पुन्हा खांबावर असा फोकस वीसेक वेळा करवा. शेवटी कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून पांढऱ्या भिंतीचे एफ/५.६ पासून एफ/१६ पर्यंत फोटो घ्या. उजेड सगळ्या फोटोंत सारखा यायला हवा. एफ/११ च्या पुढे फोटो उजळ होत गेले तर अ‍ॅपर्चरची पाती अडकत आहेत.

निकॉनवाल्यांसाठी एक सूचना: नावात एफ/५.६ नंतर ई असलेल्या लेन्सचे अ‍ॅपर्चर विजेवर चालते आणि डी९० किंवा डी३००० सारख्या जुन्या बॉडींवर ते हलतच नाही. २००-५०० ही त्यातलीच. बॉडी जुनी असेल तर हा सौदा करू नका.

वय ६४, खांद्याचे दुखणे आहे. पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत, पण दोन किलोची लेन्स उचलवत नाही. बॉडी अजून घेतलेली नाही.
– एक वाचक, पुणे

बॉडी घेतलेली नाही हे फार बरे, तुम्हाला मोकळी निवड आहे. कॅननच्या मिररलेससाठी १००-४०० एफ/५.६-८ ही ६३५ ग्रॅमची लेन्स आहे. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत सकाळच्या उन्हात ती पुरी पडते. जास्त लांब हवे असेल तर ६०० एफ/११ ही ९३० ग्रॅमची. तिचे अ‍ॅपर्चर एफ/११ वर पक्के आहे, साडेचार मीटरच्या आत ती फोकस करत नाही आणि संध्याकाळी लवकर हात टेकते. उघड्या माळावर आणि पाण्यावर ती छान चालते, झाडीसाठी घेऊ नका. दुसरा मार्ग मायक्रो फोर थर्ड्स बॉडीचा. पॅनासोनिक-लायकाची १००-४०० सुमारे ९८५ ग्रॅमची आहे आणि लहान सेन्सरमुळे तिची चौकट फुल फ्रेमवरच्या ८०० मि.मी. इतकी अरुंद मिळते. तुमच्या गरजेला आम्हाला हाच संच सर्वांत जुळणारा वाटतो. मात्र दुकानात तो दहा मिनिटे डोळ्याशी धरून पाहा, मगच ठरवा.

कोणतीही लेन्स घ्या, पट्टा गळ्यात अडकवू नका. तो उजव्या खांद्यावरून तिरका डाव्या बाजूला सोडा, दुखरा खांदा उजवा असेल तर उलट. जड लेन्सला ट्रायपॉडचा पाय असेल तर पट्टा त्यालाच जोडा, बॉडीला नाही. गाडीतून फोटो काढताना तांदळाने पाऊण भरलेली बीन बॅग खिडकीच्या कडेवर ठेवा, सगळे वजन तीच पेलते. रिकामी पिशवी प्रवासात हलकी राहते, तांदूळ मुक्कामी मिळतो. गाडीचे इंजिन मात्र बंद करा.

बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो. दोन मीटरवरून सिग्मा १५०-६०० फोकसच करत नाही. लेन्स बिघडली का?
– एक वाचक, ठाणे

बिघडलेली नाही. या लेन्सचे सर्वांत जवळचे फोकस अंतर २.८ मीटर आहे, आणि ते सेन्सरपासून मोजले जाते. खोलीत मागे सरका. तरीही अडले तर लेन्सवरचे फोकस मर्यादेचे बटण पाहा. ते १० मीटर ते अनंत यावर असेल तर जवळचे काहीच पकडणार नाही.

तीन मीटरवर ६०० मि.मी. एफ/६.३ ला स्पष्टतेची खोली एक सेंटिमीटरसुद्धा नसते. डोळा स्वच्छ येईल आणि चोच धूसर. एफ/११ लावा आणि पक्षी आडवा बसल्यावर फोटो घ्या. बाल्कनीत ऊन असेल तर एफ/११ ला १/५०० सेकंद मिळवायला आयएसओ ८०० च्या आसपास पुरतो, सावलीत ३२०० च्या वर जावे लागेल. खिडकीच्या काचेतून काढू नका. ती उघडी ठेवून पडद्याच्या फटीतून लेन्सचे तोंड बाहेर काढा आणि खोलीतला दिवा मालवा. शिंजीर ठरावीक फुलांवर पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे त्यातल्या एका फुलावर आधीच फोकस करून थांबलात तर त्याच्यामागे लेन्स फिरवावी लागणार नाही.